बारा नंबरच्या खाटेवरचं पारणं

बेंगळुरातल्या नर्सिंगच्या वसतिगृहात अहल्येचं कुणाशी भांडण नव्हतं. भांडायलासुद्धा एक भाषा लागते, आणि तिची भाषा बोलणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. बहुतेक मुली केरळच्या. दिवसभर इंग्रजीत शिकायच्या, रोग्यांशी मोडक्या कन्नडात बोलायच्या आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर हुश्श करून आपल्या मल्याळममध्ये शिरायच्या. वाईट कुणीच नव्हती. अहल्येकडे बघून हसायच्या, भाताचं पातेलं तिच्यापुढे सरकवायच्या आणि पुन्हा आपल्या गप्पांना लागायच्या. अहल्या खाली मान घालून जेवायची.

ही १९५७ सालची गोष्ट. अहल्या तेव्हा तेवीस वर्षांची, दुसऱ्या वर्षाला. एकोणिसाव्या वर्षी नवरा विषमज्वराने गेला आणि ती मल्लेश्वरमला भावाकडे आली. त्रिविक्रम तिचा थोरला भाऊ, अण्णा, सरकारी कचेरीत कारकून. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं आणि सोवळ्याओवळ्यात नाकापर्यंत बुडालेलं. भावजयीच्या हाताखाली तिने दोन वर्षं काढली; मग शेजारच्या डॉक्टरबाईंनी तिला नर्सिंगला घातलं, पालक म्हणून सहीही त्यांनीच केली. अण्णा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. ज्याला कशातच पडायचं नसतं तो माणूस असाच वागतो. पुढे डॉक्टरबाईंची हुबळीला बदली झाली, आणि अहल्येला पत्र टाकायला बाहेर कुणी उरलं नाही.

म्हणून बायकांच्या सर्जिकल वॉर्डात बारा नंबरच्या खाटेवरून “कोण ग ती? स्वल्प इकडे ये बाळ,” अशी हाक आली तेव्हा अहल्येच्या हातातला ट्रे पडायचाच बाकी होता. खाटेवर अनुसूयाबाई होत्या. साठी उलटलेली विधवा, अंगावर लाल आलवण, पोटात हर्निया, आणि जिभेवर अगदी घरचं मराठी, ‘जरा’ म्हणायला कन्नडातलं ‘स्वल्प’ घालणारं. त्या परजातीच्या कुणाच्या हातचं पाणी घेत नसत. वॉर्डच्या सिस्टरने दोन दिवस डोकं आपटलं आणि शेवटी वैतागून ती खाट अहल्येकडे सोपवली.

ऑपरेशनची पाळी येईपर्यंतचे तीन आठवडे अहल्या सुखात होती. बाई काही प्रेमळ वगैरे नव्हत्या. हट्टी, किरकिऱ्या, डोळा चुकवून औषध थुंकणाऱ्या. पण अहल्या वेणी कशी घालते, फोडणीत मेथी घालते का, नवरा कसा गेला, सगळं विचारायच्या. उत्तर ऐकून “बरं बरं” म्हणायच्या. एवढ्यावर ती पोरगी त्यांच्यासाठी जीव टाकायला लागली.

ऑपरेशन सोमवारी नऊला ठरलं. रविवारी एकादशी आली. बाईंनी शनिवारी दुपारी जेवल्यावर जे तोंड मिटलं ते मिटलंच, पाण्याचा थेंब नाही. रविवारी रात्री खाटेला पाटी लागली, तोंडाने काही द्यायचं नाही म्हणून. पाटीचं आणि एकादशीचं चांगलंच जमलं होतं. पण सोमवारची द्वादशी साडेसातला संपत होती. त्याच्या आत पारणं केलं नाही तर उपासाचं पुण्य गेलं, हे मल्याळी मुलींना ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि सर्जनना तर नव्हतंच. ठाऊक होतं एकट्या अहल्येला. तिच्या आईने तापात फणफणतानाही द्वादशी चुकवली नव्हती.

सातला ती ड्यूटीवर आली तेव्हा बाई पंचांग उशाशी घेऊन बसल्या होत्या.

“मठातलं तीर्थ आहे ग. तीन पळ्या दिलीस तरी पारणं झालं. ऑपरेशनात मेले तर उपाशी तर नको मरायला.”

तीन पळ्या तीर्थ. तेवढ्याने काय होतंय, असं अहल्येने स्वतःला समजावलं आणि दिलं. बाईंनी डोळे मिटून ते घेतलं आणि म्हणाल्या, “घशाला कोरड पडलीय ग बाळ. पाणी दे की.” अहल्येने पाटीकडे पाहिलं. मग बाईंच्या फुटलेल्या ओठांकडे पाहिलं, आणि फुलपात्र भरून हातात दिलं. बाईंनी ते घटाघटा रिकामं केलं.

साडेआठला ट्रॉली आली. भुलीच्या अंमलाखाली पोटातलं उलटून फुप्फुसात जातं आणि माणूस दगावतं, हे सिस्टर ट्यूटरने महिन्यापूर्वीच शिकवलं होतं. ट्रॉली पाहून अहल्येला ते आठवलं. कुणीही पाहिलं नव्हतं. गप्प बसली असती तर कदाचित काहीच झालं नसतं. ती सिस्टरपाशी गेली आणि म्हणाली, “बारा नंबरला मी पाणी दिलंय. साडेसातच्या आत.”

ऑपरेशन रद्द झालं. सर्जन एवढे तडकले की त्यांचा आवाज पुरुषांच्या वॉर्डापर्यंत गेला. दुपारी अहल्या मेट्रनच्या टेबलासमोर उभी होती. दिलंस? हो मॅडम. किती? एक फुलपात्र. पाटी वाचता येते? येते मॅडम. का दिलंस, हे मात्र कुणी विचारलं नाही. ती सकाळपासून त्याचंच उत्तर मनात जुळवत होती.

मेट्रननी तिला टोपी काढून टेबलावर ठेवायला सांगितली. परीक्षा सहा महिने पुढे गेली आणि तीन महिने बेडपॅन धुण्याच्या खोलीत काम लागलं.

“तू आपण होऊन सांगितलंस, म्हणून आजच्या आज घालवत नाही,” मेट्रन म्हणाल्या. “पण डॉक्टरबाईंची सही आता चालायची नाही. शनिवारी चारच्या आत गावातल्या कुणी जबाबदार माणसाने येऊन हमी द्यायला हवी. नाही तर सामान बांध.”

अहल्येने अण्णाला कार्ड टाकलं. सामान बांधून जायचं तर त्याच्याच घरी, भावजयीच्या चुलीपुढे, जन्मभर. ती आठवडाभर मोरीपाशी उभी राहून भांडी घासत होती आणि आपण हे शिक्षण सोडून जगू शकणार नाही, हे तिला तिथे पहिल्यांदा कळलं. उघड्या डोक्याने जाता-येता लाज वाटायची. जेवताना मुली आता हसत नसत, नजर चुकवत.

गुरुवारी बाईंचं ऑपरेशन नीट पार पडलं. शुक्रवारी अहल्या बेडपॅन घेऊन वॉर्डातून चालली होती. न राहवून ती बारा नंबरपाशी थांबली आणि म्हणाली, “अक्का, कसं वाटतंय?”

बाईंनी आलवणाचा पदर आवरून घेतला. “लांबनं जा ग. तू आता त्या कामातली की. शिवशील.”

अहल्या लांबून गेली. मोरीत पोहोचल्यावर नळ मोठा सोडून ती भरपूर रडली. ज्या हातचं तीर्थ चाललं होतं तेच हात होते, आणि ते त्या बाईपायीच बाटले होते. रागवायचं तरी कुणावर? इतकं एकटं तिला नवरा गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान घरभर माणसं होती.

शनिवारी साडेतीनला अण्णा आला. कोट, छत्री, कपाळावर अंगाऱ्याची रेघ. कारकुनाच्या टेबलाशी उभ्या-उभ्याच त्याने फॉर्म भरला. काय झालं, हे त्यानेही विचारलं नाही.

“कॉफी घेतोस, अण्णा?”

“नको. घाई आहे स्वल्प.” मग घसा खाकरून म्हणाला, “विमलाला बघायला येतायत.” विमला म्हणजे त्याची मेव्हणी. “इतक्यात घराकडे येऊ नकोस. सरी?”

“सरी. ठीक आहे,” अहल्या म्हणाली.

तो गेला. फॉर्म मेट्रनकडे पोहोचवायला कारकुनाने तिच्याच हाती दिला. व्हरांड्यात तिने तो वाचला. सही अण्णाची, वळणदार. पत्ता घराचा नव्हता, कचेरीचा होता. विद्यार्थिनीशी नातं या रकान्यात त्याने स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं, ओळखीचे गृहस्थ. अहल्येने ते शब्द पुन्हा पुन्हा वाचले. लहानपणी त्यानेच तिला मांडीवर घेऊन भरवलं होतं.

मेट्रननी चष्मा लावून फॉर्म पाहिला. “आत्ता गेले ते हेच ना? मला वाटलं तुझा भाऊ असेल. नाक अगदी तुझंच.” त्यांनी मान वर केली. “भाऊ आहे का?”

खरं सांगितलं तर हमी खोटी ठरणार होती, आणि अण्णा काही दुसऱ्यांदा येणार नव्हता. सोमवारी कुणी विचारलं नसताना अहल्या बोलली होती. आज समोरून विचारलं होतं.

“नाही मॅडम,” ती म्हणाली. “ओळखीचे आहेत.”

मेट्रननी तिच्या नाकाकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी शिक्का मारला.