झुंबरबाई नाही म्हणाली

पेशंटच्या नातेवाइकांवर ओरडण्यात आमच्या हॉस्पिटलात माझा हात धरणारं कोणी नाही. अतिदक्षता विभागाची मी सिस्टर, दारात उभी राहिले की भलेभले पुढारीसुद्धा मुकाट चपला काढतात. झुंबरबाईवरही मी पहिल्याच दिवशी ओरडले. ती दाराला टेकून खाली फरशीवर बसली होती आणि मला स्ट्रेचरला वाट हवी होती.

"बाई, खुर्च्या काय शोभेला ठेवल्यात का?"

ती उठली, बाजूला झाली आणि म्हणाली, "खुर्चीत बसलं का झोप लागती बाय. मला झोपायचं नाय."

मी स्ट्रेचर आत घेतलं आणि तिच्यावर परत ओरडले नाही. असं फार क्वचित होतं.

झुंबरबाई पेठ तालुक्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. चणीने एवढीशी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, मिसरीने काळे झालेले दात. डोंगरातला भात कापून झाला की ती आणि तिचा नवरा यादव दरवर्षी वणीकडच्या द्राक्षबागांत कामाला उतरायचे. मुलगी रोशनी आश्रमशाळेत. घडातले जास्तीचे मणी काढून टाकायच्या कामात झुंबरबाईचा हात असा चालायचा, की बागाईतदार मुकादमाला आधी विचारायचे, "झुंबर आलीय का?" हे मला पुढे तिनेच सांगितलं, आणि सांगताना जराही लाजली नाही. मला तर असली माणसं आवडतात. नाहीतर आमच्याकडे चांगलं काम करणाऱ्याने मान खाली घालूनच बोलायचं असतं!

तर त्या खेपेला मजुरांनी भरलेली पिकअप घाटात उलटली. झुंबरबाई गवतात फेकली गेली, तिला नुसतं खरचटलं. यादव मागे दांड्याला धरून उभा होता, तो गाडीखाली आला. आमच्याकडे आणला तेव्हा कमरेचं हाड मोडलेलं, लिव्हर फाटलेलं आणि पोट रक्ताने फुगलेलं.

डॉ. मुझफ्फर हे आमचे सर्जन. जुन्या नाशकातले, बोलणं मोजकं, आणि खोटं तर अजिबात बोलत नाहीत, त्यामुळे नातेवाइकांना ते फारसे आवडत नाहीत. त्यांनी यादवचं पोट उघडलं, लिव्हरभोवती कापडाच्या मोठाल्या घड्या दाबून बसवल्या, कमरेला बाहेरून लोखंडी सळ्या लावून हाड धरलं आणि तिथेच हात थांबवला. पोट शिवलं नाही. वरून पारदर्शक प्लास्टिक लावलं आणि पेशंट माझ्या ताब्यात दिला.

हे असंच करतात. इतकं रक्त गेलेल्या माणसाला टेबलावर ठेवून सगळं नीटनेटकं करत बसलं, तर ऑपरेशन छान होतं आणि माणूस हातचा जातो. त्याचं अंग गार पडत जातं आणि रक्त गोठेनासं होतं. म्हणून आधी रक्त दाबून धरायचं, पेशंटला बाहेर आणायचं, रक्त द्यायचं, ऊब द्यायची. जरा तग धरला की परत आत न्यायचं, कापडं काढायची, उरलेली डागडुजी करायची आणि मग शिवायचं. आमच्या हे अंगवळणी पडलंय.

नाथाच्या नव्हतं पडलं. नाथा म्हणजे यादवचा धाकटा भाऊ. सकाळी त्याला भावाला बघायला आत सोडलं, तो दोन्ही हातांनी तोंड दाबून बाहेर आला. पाड्यावरची माणसं जमली होती, त्यांना म्हणाला, "प्वाट उघडंच टाकलंय. आत कापडं कोंबलीत. शिवलं सुदिक नाय. जगवायचा असता तर शिवला असता ना?"

त्याचंही काय चुकलं म्हणा. ऑपरेशन झालं म्हणजे टाके पडले, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. न शिवलेला माणूस म्हणजे डॉक्टरांनी हात टेकलेला माणूस, असा सरळ अर्थ त्याने लावला. आणि ज्याची आशा सुटली त्याला त्यांच्या पाड्यावर एकच जागा, त्याचं अंगण. आपल्या माणसांनी तोंडात पाणी घालायचं आणि तिथे जीव जायचा. बाहेर मेलेल्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत.

दुपारी गेटपाशी गाडी येऊन उभी राहिली. आत पेंढा अंथरलेला. डॉक्टरांनी सगळ्यांना समजावलं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि कोणीच काही ऐकलं नाही. माझा पारा चढला.

"श्वासाचं मशीन काढलं तर तो नाशिकची हद्दसुद्धा ओलांडणार नाही!"

"नाय वलांडली तरी आपल्या मानसांत मरंल," नाथा म्हणाला.

घरी न्यायचं तर सही बायकोची लागणार होती. नाथाने फोन झुंबरबाईच्या कानाला लावला. पलीकडे यादवची आई, अक्काबाई. म्हातारीचा आवाज मला बाजूला उभी राहून ऐकू येत होता. "झुंबर, माझ्या पोराला परक्या जागी मारू नको गं. पाया पडते तुझ्या."

झुंबरबाईने फोन परत दिला. "आधी मला बघू दे," म्हणाली.

मी तिला गाऊन चढवून आत नेलं. गाऊन तिच्या टाचेपर्यंत आला. ती यादवच्या तोंडाकडे गेलीच नाही. आधी पावलांना हात लावला, "पाय ऊन हायत" असं स्वतःशीच म्हणाली, आणि मग पोटावरच्या प्लास्टिककडे कितीतरी वेळ बघत राहिली. डॉक्टर तिथेच होते.

"शिवलं का नाय?" तिने विचारलं.

"मला परत आत जायचंय म्हणून. उद्या कापडं काढायची, मग शिवायचं."

"तुमीच येणार?"

"मीच."

तिने प्लास्टिकवरची नजर डॉक्टरांकडे वळवली. मग म्हणाली, "आवणीला आमी दिसभर चिखलात वाकून रोप लावतो. आंग गळून जातं, हात उचलंना. तवा राहिलेल्या रोपाच्या जुड्या खाचरातच, पान्यात उभ्या ठेवायच्या आन् घरी यायचं. रातभर जगतात त्या. सकाळी जाऊन लावायच्या. ज्याला शेतच सोडायचंय, तो जुड्या आत ठेवून येत नाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. भात त्यांनी फक्त ताटात पाहिलेला.

"तुम्ही परत येणार हे त्यांना पटलंय," मी म्हटलं.

"पन जगंल का?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "घरी नेलं तर जगणार नाही, एवढं सांगता येतं."

बाहेर येऊन ती नाथाला म्हणाली, "नाय नेयाचं."

"आन् हितं मेला म्हंजी? पाडा काय म्हनंल?"

"मला म्हनंल. तुझं नाव कोन घेनार नाय."

नाथाने बाहीने डोळे पुसले. "मंग तो मेला तर तू बी पाड्यावर येऊ नको, वयनी." एवढं बोलून तो वळला. माणसं त्याच्यामागून गेली. गाडी पेंढ्यासकट निघून गेली, आणि झुंबरबाई परत दाराशी फरशीवर येऊन बसली. मला नाथाचा भयंकर राग आला. पण राग करून करू काय? तोही भावासाठीच रडत गेला होता.

मी माझा डबा तिच्यापुढे ठेवला. तिने अर्धी भाकरी घेतली आणि मलाच दटावलं, "तू काय वाऱ्यावर जगतीस का? खा आधी."

दुसऱ्या दिवशी यादवला परत आत नेलं. मी बाहेर कामं उरकत होते, पण खरं सांगते, माझं कशात लक्ष नव्हतं. तो जगावा असं मला वाटत होतंच, पण त्याहून जास्त वाटत होतं की ह्या बाईचा निर्णय हरू नये. डॉक्टर टोपी काढत बाहेर आले.

"रक्त थांबलेलं होतं. कापडं काढली. शिवलं."

"समदी काढली?"

"सगळी," डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच नातेवाइकासमोर हसताना पाहिलं.

पुढे बरेच दिवस धाकधूक होतीच. ताप आला, उतरला. मग एका सकाळी यादवच्या घशातली नळी निघाली. आवाज फाटक्या बांबूसारखा. झुंबरबाई पलंगाशी वाकली होती, मी सलाईन बदलत होते. तो पहिलं वाक्य बोलला, "मला घरी ने."

"न्यायला समदे आलते," ती म्हणाली. "मीच नाय दिलं."

 मग ती एका दमात सगळं बोलून गेली. "आई फोनवर रडली. म्हनली, पोराला परक्या जागी मारू नको. नाथा म्हनला, तू गेलास तर मी बी पाड्यावर येऊ नको. तरी नाय दिलं. तू गेला असतास तर मी काय केलं असतं, मला ठावं नाय."

यादवला कूस वळवता येत नव्हती. त्याने नुसती मान तिच्याकडे केली.

"तू कुठं व्हतीस?"

"हितंच. दाराच्या भाईर."

"मंग जागा परकी कशी?"

झुंबरबाईने पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका बाहेर पडलाच, आणि मग ती पलंगाच्या कडेवर डोकं ठेवून मोठ्याने रडायला लागली. आमच्या विभागात असं रडायची परवानगी नाही. मी तिला गप्प करायला हवं होतं, पण मीही रडतच होते.