तोफेखाली घोरणारा गारोव

"माझ्या अंगणात बांधा. महिन्याभरात तोफेखाली घोरेल."

भित्र्या शिकारी कुत्र्याचा विषय निघाला की द्रागोयलो हेच बोलायचा. लग्नाच्या मांडवात बोलायचा, मयताच्या जेवणातही बोलायचा. सर्बियातल्या शुमादियाच्या त्या टेकड्यांत एवढा ताठा दोघांकडेच होता, द्रागोयलोकडे आणि त्याच्या कोंबड्याकडे. कोंबडा निदान पहाटेपुरता तरी खरा ठरायचा.

आलुबुखाराची पानं गळू लागली तेव्हा शिकारी मंडळाचा अध्यक्ष स्रेतेन आपला काळा कुत्रा गारोव ओढत द्रागोयलोकडे घेऊन आला. रुंद छातीचा, तेज नाकाचा. पण लांब कुठे बार उडाला की शेपूट पायांत घालून थेट गोठ्यात.

"हंगामाच्या पहिल्या शिकारीत हा पळाला," स्रेतेन म्हणाला, "तर पुढची गोळी ह्याला. भित्रं जनावर मी पोसत नाही."

द्रागोयलोची बायको विदोसावा पिंपात कोबी भरत बसली होती. गारोवने येऊन तिच्या झग्याच्या घोळात तोंड खुपसलं. काळजी कोणाच्या वाट्याला आली, हे तिला तेव्हाच कळलं.

उपाय साधा होता. कुत्रं खात असताना आवाज करायचा, आधी लांबून, मग जवळून. हाडं घालून मक्याचा घाटा विदोसावा शिजवायची. झाकणं तीच आपटायची. पुढे जुनी बंदूकही तिनेच हातात घेतली. आणि गुरुजी द्रागोयलो गवताच्या गंजीमागे, दोन्ही कानांत लोकर कोंबून, डोळे मिटून हुकूम सोडायचे.

"नळी वर धर! उडाला का गं?"

"उडाला. या बाहेर."

"ठाऊक आहे मला. वाऱ्याचा अंदाज घेत होतो."

गारोव मात्र दिवसेंदिवस सुधारला. आधी त्याचे कान नुसते मागे पडायचे. मग तेही थांबलं. शेवटी शेजारच्या रानात बार उडाला तरी तो धावत भांड्यापाशी यायचा. द्रागोयलोने ही कीर्ती गुत्त्यात इतकी गायली की दारूवालाही कंटाळला.

शिकारीचा दिवस उजाडला. धुकं खोऱ्यात दुधासारखं साचलं होतं. विदोसावा ओट्यावर कान देऊन उभी होती. टेकडीपलीकडे बार झाला. थोड्या वेळाने कुंपण हललं आणि पोटापर्यंत चिखलाने माखलेला गारोव आत शिरला. तेवढ्यात दुसरा बार ऐकू आला. गारोव भांड्याच्या आणखी जवळ सरकला आणि त्याने जिभल्या चाटल्या.

"अरे देवा," ती म्हणाली, "तू पळून नाही आलास. तू जेवायला आलास!"

पाठोपाठ बंदूक घेऊन स्रेतेन आला, त्याच्यामागे धापा टाकत द्रागोयलो.

"बाजूला व्हा, वहिनी. पहिल्याच बाराला पळाला हा."

"पळाला नाही. इथेच उडवा, आभाळाकडे. दचकला तर न्या."

स्रेतेनने रागारागात चाप ओढला. अक्रोडावरचे कावळे उडाले. गारोवने रिकाम्या भांड्यात तोंड घातलं, मग विदोसावाकडे तक्रारीने पाहिलं. धडपडल्याचा आवाज आला तो पिंपामागून. तिथे द्रागोयलो उकिडवा बसला होता, टोपी डोळ्यांवर, मिशीत कोबीचं पान.

स्रेतेन पोट धरून हसला.

"कुत्रं बरं झालं रे, द्रागोयलो. आता तुला कोणाच्या अंगणात बांधू?" त्याने पट्टा विदोसावाच्या हातात दिला. "ठेवा, वहिनी. सशामागे सोडलं तर घरी जेवायला जाणारं कुत्रं माझ्या काय कामाचं?" आणि तो हसत रानाकडे परतला.

द्रागोयलो कपडे झटकत उठला. "पापणी तरी हलली का त्याची? तोफेखाली घोरेल म्हणालो होतो. ससा धरेल असं कधी म्हणालो?"

स्रेतेन रानातून उतरायच्या आत गुत्त्यात आपली बाजू पोचायला हवी होती. द्रागोयलो उताराने भराभर चालू लागला. वळणावर असताना टेकडीवर पुन्हा बार झाला. त्याचे खांदे कानांपर्यंत उडाले; मग वाऱ्यानेच हलली असावी तशी त्याने टोपी सारखी केली आणि तो पुढे गेला.

विदोसावाने ते पाहिलं. गारोवने नाही, त्याचं लक्ष भांड्याकडे होतं.