व्हॅनचा मागचा पाटा आणि माझी शिंक

आधीच माफी मागते. माझं अक्षर पाहून शाईत पडलेली मुंगी कागदावर फिरली असं वाटेल, आणि कुठली वेलांटी कुठे द्यायची हे मला अजून कळलेलं नाही. शाळा चौथीत सुटली. वाचणाऱ्याने (कुणी वाचलंच तर!) समजून घ्यावं.

तर, मी माझ्या थोरल्या दिरांशी लग्नानंतर सतरा वर्षांनी पहिल्यांदा बोलले, आणि बोलले ते गाडीच्या मागच्या पाट्याबद्दल.

आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही आणि तोंड दाखवायचंही नाही. थोरले दीर, म्हणजे तात्या, गावाकडे मळ्यात राहायचे. बाजाराच्या दिवशी निलंग्याला आमच्या घरी यायचे. ते आले की मी पदर हनुवटीपर्यंत ओढायची आणि भिंतीला सांगायची, "म्हणावं, चहा ठेवलाय." तात्याही भला माणूस. ते खुंटीकडे बघून सांगायचे, "म्हणावं, साखर कमी." भिंतीचा आणि खुंटीचा हा संसार चांगला चालला होता. मी तर मुळातच लाजरी. दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हणतानाही माझा घसा कोरडा पडायचा.

मध्ये व्हॅन आली.

भूकंपानंतरची ती वर्षं. लातूरमध्ये गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या होत्या आणि जो तो आपलं पोर तिकडे पाठवत होता. आमच्या सुनीताला दहावीला चांगले मार्क पडले आणि तिने लातूरच्या क्लासचा ध्यास घेतला. तात्यांनी खुंटीला सांगितलं, "म्हणावं, पोरगी खोली करून एकटी राहणार न्हाई. रोज घरातनं जाऊन घरात येत असंल तर जाऊ द्या." एसटीची वेळ जमत नव्हती. मग आमच्या मालकांनी डोकं चालवलं. जुनी व्हॅन घ्यायची, गावातल्या आणखी मुली गोळा करायच्या आणि सगळ्यांना रोज लातूरला न्यायचं-आणायचं. देशमुख मास्तरांच्या दोन मुली आल्या की बाकीच्यांचे बाप आपोआप येणार होते. मास्तरांनी छत्री उघडली की निलंग्यातले लोक आभाळाकडे न बघता वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे, एवढा त्यांचा शब्द चालायचा.

व्हॅन यांनी धर्माबादच्या एका मिरचीवाल्याकडून आणली. "गाडी नुसती घरगुती वापरलीय," असं तो म्हणाला होता. त्याच्या घरी मिरची पोत्याने खात असावेत! गाडीच्या फटीफटीत तिखटाची धूळ होती, आणि मागच्या चाकांवर गाडीचं वजन पेलणारे लोखंडी पाटे ओझ्याने पार सपाट झाले होते. जरा खड्डा आला की मागून आवाज यायचा, "कर्रर्र... कुईं!"

दुसऱ्या गावात हा नुसता आवाज असता. आमच्याकडे तेव्हा छताच्या माळवदाचं लाकूड जरा कुरकुरलं की अख्खं घर अंगणात! आधी पळायचं, मग कारण विचारायचं. यांनी शेजारच्या काशीबाईंना हौसेने व्हॅनमधून बाजाराला नेलं. पहिल्याच खड्ड्यात कर्रर्र झालं आणि काशीबाई दार सरकवून बाहेर! गाडी चालू होती हो! पुढे बैलं आडवी होती म्हणून वेग नव्हता, एवढंच नशीब. संध्याकाळपर्यंत त्यांनी गावभर केलं, "गाडी न्हाई ती, चाकावरचा भूकंप हाय!"

मास्तरांचा निरोप आला. "रविवारी तात्यांसंगं येतो. गाडीत बसून बघतो. असला आवाज आला तर माझ्या पोरी येणार न्हाईत."

म्हणजे मास्तरांच्या नाहीत, तर कुणाच्याच नाहीत, आणि मग आमचीही नाही.  सुनीताने आपली नवी दप्तराची पिशवी ट्रंकेत घडी करून ठेवली. 

गाडी कोपऱ्यावरच्या खाजाभाईंच्या गॅरेजात गेली. "काय बी टेन्शन घेऊ नका भाभी," खाजाभाई म्हणाले. "नांदेडला शिकलेला हात हाय आपला. आवाज ऐकून मी गाडीची कुंडली सांगतो."

कुंडलीत आधी धक्के झेलणारे शॉकअप निघाले. ते बदलले. कर्रर्र. मग म्हणाले, पाट्याच्या टोकांना रबरी बूश असतात, ते गेलेत. गाडी जॅकवर उचलली, चाकं हवेत लोंबकळत ठेवली, नांदेडहून मागवलेले नवे बूश घातले, बोल्ट दातओठ खाऊन आवळले. पैसे तात्यांनी दिले (खुंटीला न विचारता). मग तपासणी! हे, सुनीता आणि मी मागच्या सीटवर बसायचं आणि खाजाभाईंनी "हां, उडा!" म्हटलं की उडायचं. भर रस्त्यावर, पदर हनुवटीपर्यंत ओढून मी उडत होते आणि मिरचीच्या धुळीने शिंकत होते. बघायला लोक थांबले. एकाने विचारलं, "बाईला वारं आलंय काय?"

उभ्या गाडीत जराही आवाज नाही. रस्त्यावर काढली की कर्रर्र!

"खाजाभाई, आवाज हायच की!" हे वैतागले.

"उभ्या गाडीत कुठाय? दाखवा!"

"उभ्या गाडीतनं कोण लातूरला जातंय?"

खाजाभाईंनी डोकं खाजवलं. "मग चालत्या गाडीत मागं कुणीतरी पत्र्याला कान लावून पडलं पायजे. मी पडलो असतो, पण..." त्यांनी आपल्या पोटाकडे पाहिलं. यांना गाडी चालवायची होती. सुनीता दाखला आणायला शाळेत गेली होती. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

शनिवारी दुपारी मी व्हॅनच्या मागच्या सीटच्याही मागे, स्टेपनीला टेकून, मिरचीच्या रिकाम्या पोत्यावर आडवी झाले आणि पत्र्याला कान लावला. "पडून राहा," हे म्हणाले, "खाजाभाईला बोलावून आणतो." आणि किल्ली गाडीलाच ठेवून कोपऱ्याकडे गेले.

तेवढ्यात तात्यांचा आवाज आला!

"मास्तर, उद्या तुम्हाला तेरवीला जायचंय तर आजच बघून घ्या की. किल्ली हायच गाडीला. अरे शिवा! कुठं गेला बाबा हा? बसा, मीच काढतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे खेळणं काय जड हाय?"

(शिवा म्हणजे हे.) दारं लागली. गाडी निघाली. मी मागे पडलेली! आता कुणीही शहाणी बाई ओरडली असती. मी काय केलं? मी पदर पुढे ओढला. आडवं पडल्या-पडल्या! थोरल्या दिरासमोर ओरडायचं कसं? आणि सांगायला भिंतही नव्हती!

गाडी लातूरच्या रस्त्याला लागली. कर्रर्र...

"हे काय वाजायलंय?" मास्तर दचकले.

"नवे बूश हायत, बसायलेत," तात्या म्हणाले.

"बूश बसायलेत का आपण खाली बसणार?"

पत्र्याला कान असल्यामुळे मला मात्र सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. उजवीकडे काही नाही. पुढे काही नाही. डावीकडे, अगदी मागे, पाटा जिथे गाडीला लटकतो त्या टोकाला, खड्ड्यागणिक कर्रर्र! सापडलं! मला एवढा आनंद झाला की मी खोल श्वास घेतला. पोत्यातून.

"आक् छी!"

गाडी थांबली. "मास्तर, शिंकलात?"

"मी न्हाई. तुम्ही शिंकलात."

"मी कशाला शिंकू? चांगल्या कामाला निघालोय." मग दोघं शिंकेचा दोष जावा म्हणून जरा थांबले, मास्तर दोन घोट पाणी प्याले, आणि गाडी पुन्हा निघाली. मी नाक दाबून धरलं. दाबून धरलेली शिंक किती मोठी होते ते तेव्हा कळलं.

"आऽऽक् छी!" आणि त्याच क्षणाला मोठा खड्डा, आणि "कर्रर्र कुईंऽऽ!"

मास्तर दार सरकवून बाहेर! तात्या ब्रेक दाबून त्यांच्यामागे! दोघं उडदाच्या शेतात उभे राहून, जमीन हलते आहे का ते पायांनी बघत होते. जमीन हलत नव्हती. व्हॅन हलत होती, कारण आत मी एकामागून एक शिंकत होते.

तात्यांनी मागचं दार उघडलं. आत तिखटाच्या पोत्यावर एक तोंड झाकलेली बाई.

"कोण हाव तुम्ही?" तात्या म्हणाले. सतरा वर्षं माझ्या हातचं जेवलेला माणूस! पण ओळखणार कसा? माझं तोंड पाहिलेलं नाही, आवाज ऐकला तो भिंतीवर आपटून आलेला.

मी स्टेपनीला सांगितलं, "म्हणावं, घरचीच हाय."

"कुणाच्या घरची?"

आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? मी गप्प.

"मालकाचं नाव सांगा की बाई!" मास्तर म्हणाले. मी आणखी गप्प. शेतात खुरपणाऱ्या बाया आणि गडी जमले. एक म्हणाला, "बाया पोत्यात घालून न्यायलेत जनू!" दुसरी म्हणाली, "रडायली बिचारी." (रडत नव्हते, तिखट!)

मास्तरांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. "तात्या, मी तुम्हाला सज्जन समजत होतो. ह्या गाडीत माझ्या पोरी? अजिबात न्हाई. कुणाच्याच पोरी जाणार न्हाईत, मी बघतो." समोरून एसटी येत होती. मास्तरांनी हात वर केला.

एसटी थांबली. मास्तरांनी पायरीवर पाय ठेवला, आणि माझ्या डोळ्यांसमोर ट्रंकेतली ती घडी केलेली पिशवी आली. मी पदर मागे टाकला आणि, देवा शपथ, माझा आवाज शेताच्या पलीकडच्या बांधापर्यंत गेला.

"तात्या! डाव्या अंगाचा मागचा पाटा! टोकाला लटकतंय तिथला बूश! बाकी गाडी ठणठणीत हाय! आवाज हुडकायला मीच येऊन पडले होते! मी सुनीताची आई!"

 तात्या लाजून लाल झाले. त्यांनी घाईघाईने माझ्याकडे पाठ फिरवली आणि समोरच्या बाभळीला सांगितलं, "म्हणावं, हे आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"ओ मास्तर, चढता का न्हाई?" कंडक्टर ओरडला.

मास्तरांनी पाय खाली घेतला. "जा तुम्ही. हे संपल्याशिवाय मी कुठं जात नसतो."

इकडे निलंग्यात हे चौकात बोंबलत होते, "गाडी चोरीला गेली हो!" बायको आत होती हे खाजाभाईंनी आठवण करून दिल्यावर त्यांना आठवलं. आम्ही परतलो तेव्हा यांनी आधी गाडीला हात लावून पाहिला.

"डावा पाटा?" खाजाभाईंना राग आला. "डावा तर मी सोताच्या हातानं बसवलाय!"

"म्हणूनच," मास्तर म्हणाले.

खाजाभाई गाडीखाली शिरले.  मग खालूनच बारीक आवाज आला, "भाभी बरोबर हायत. गाडी टांगलेली होती तवाच मी बोल्ट आवळला. गाडी खाली आली, वजन पडलं, तसं रबर पिळलं. पिळलेलं रबर बोंबलणारच की! आता बोल्ट ढिला करायचा, गाडी भुईवर ठेवायची, वजन घालायचं, मग आवळायचं. बसा सगळे मागं!"

मग मागच्या सीटवर एका टोकाला मास्तर, मध्ये हे, दुसऱ्या टोकाला मी, आणि तात्या स्टेपनीवर, माझ्याकडे पाठ करून. खाजाभाईंनी खालून पाना फिरवला. नंतर गाडी गावातल्या सगळ्यात वाईट रस्त्यावरून नेली. काही नाही! एवढं शांत की मास्तर घाबरून म्हणाले, "गाडी चालू हाय न्हवं?"

मास्तरांनी मुली पाठवायचं कबूल केलं, पण अट घातली. "ह्या बाई रोज मागं बसून येत असतील तरच."

म्हणजे मी! रोज! लातूरपर्यंत! दहा मुलींबरोबर! मी भिंत शोधली, पण आम्ही रस्त्यात उभे होतो. "येते," म्हणाले. सोमवारी सुनीता पिशवी घेऊन पुढे बसली आणि मी माझ्या जागी, डाव्या पाट्यावर.

बदलायची गरज नसलेल्या शॉकअपचे तात्यांचे पैसे खाजाभाईंकडे अडकले होते. तात्यांनी खुंटीला सांगितलं, "म्हणावं, सोडून द्या." पण एकदा उघडलेलं तोंड मला मिटता येईना. रोज सकाळी गॅरेजपाशी व्हॅन आली की मी खिडकीतून डोकं काढायची, "खाजाभाई, शॉकअपचे पैसे!" पुढे पुढे दहा मुलीही एका सुरात म्हणू लागल्या. खाजाभाई कधी थोडे द्यायचे, कधी पान्यासकट गाडीखाली सरपटायचे.

शेवटी एक दिवस ते स्वतःच रस्त्यात हात आडवा करून उभे राहिले. राहिलेले सगळे पैसे त्यांनी खिडकीतून माझ्या हातात ठेवले आणि हात जोडले. "भाभी, पूर्ण झाले. आता उद्यापासून पहिल्यासारख्या लाजायला लागा!"

मी लाजले. पण नोटा मोजून झाल्यावर.