परत आलेल्या निळ्या पँटी

नगरच्या सावेडीत आमच्या घराच्या तळमजल्यावर मी शाळेचे गणवेश शिवून घेते. पाच मशिनी, कापड बेतायचं एक मोठं टेबल, शिवणाऱ्या चार बायका आणि एक मास्तर, एवढाच पसारा. मास्तर म्हणजे कटिंग करणारे. साठी उलटलेले, कमी बोलणारे. मला कॉलर धड ओळखता येत नव्हती तेव्हापासून ते माझ्याबरोबर आहेत.

बरीच वर्षं मार्चअखेर म्हणजे बिलांची पिशवी सीएच्या ऑफिसात नेऊन ठेवायची, बस. दोन वर्षांपूर्वी तिथं एक नवीन बाई आल्या. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि विचारलं, "शिल्लक मालाची यादी?"

"अंदाजे लिहा की," मी म्हणाले.

"अंदाजे नको. एक दिवस मशिनी बंद ठेवा, सगळ्यांना घेऊन बसा आणि मोजा. परत आलेला माल वेगळा लिहा. कधी आला, का आला, तेही लिहा. ते माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी."

मला ते जरा जास्तच वाटलं. तरी शनिवारी सकाळी आम्ही खाली सतरंजी टाकून बसलो. बायका गठ्ठे सोडून मोजत होत्या, मी लिहीत होते. वर्षभर मशिनीच्या आवाजात कुणाशी धड बोलणं होत नाही. त्या दिवशी गप्पा मारत काम चाललं होतं. कुठल्या शाळेचे शर्ट जास्त उरले, कुठलं कापड पहिल्या धुण्यातच आटलं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

चहा झाल्यावर परत आलेल्या मालाचं पोतं ओढलं. त्या मालाचा माझ्या मनात राग होता. जानेवारीत एकाच आठवड्यात दोन पालक पँटी घेऊन आले होते. एकीची कंबर घट्ट, दुसरीचा एक पाय आखूड. पँटी शिवायची ती देवळाली प्रवरातून लग्न होऊन नगरला आलेली बाई. मशिनीवर बसायलाही ती इथंच, मास्तरांच्या हाताखाली शिकली. मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले होते, "लक्ष कुठं असतं तुझं? उद्यापासून तू फक्त बटणं लाव." ती दुसऱ्या दिवसापासून बटणं लावायला लागली.

पोत्यातल्या प्रत्येक पँटीला पालकांच्या नावाची, तारखेची चिठ्ठी होती. मी एकेक वाचून वहीत उतरवत होते. पानभर झालं आणि मी थांबले. सगळ्या पँटी गडद निळ्या होत्या. राखाडी एकही नव्हती.

"राखाडी पण तूच शिवायचीस ना?" मी तिला विचारलं.

"व्हय. जानेवारीपातूर."

मी तारखा पुन्हा पाहिल्या. निम्म्याहून जास्त पँटी फेब्रुवारी-मार्चच्या होत्या. तेव्हा तर ती बटणं लावत होती.

मास्तर टेबलाशी बसून टेप गुंडाळत होते. तो खाली ठेवून ते म्हणाले, "ताई, ती चूक माझी हाय. निळ्या कापडावर खडूची रेघ मला दिसत न्हाई. दिवाळीपासून अंदाजानं कापतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"जूनचा सीझन तोंडावर आला. तुमी दुसरा मास्तर बघितला असता."

नसता बघितला, असं मला छातीठोकपणे म्हणता आलं नाही. मी तिच्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"तुकडे जुळायचे न्हाईत. जमंल तेवढं शिवणीत वढून घ्यायची."

"मला सांगायचं की मग."

"त्यांनी शिकवलंय मला," ती म्हणाली. "त्यांचं नाव कसं घेणार?"

मास्तरांनी मान खाली घातली. ज्या पोत्यावरून मी तिला बोल लावला, ते इतके दिवस माझ्याच घरात होतं आणि मी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. बोलले होते सगळ्यांसमोर, म्हणून सगळ्यांसमोरच सांगितलं, "माझं चुकलं. न विचारता, न बघता तुला बोलले."

"राहू द्या ताई," ती म्हणाली आणि समोरचे स्कर्ट मोजत राहिली. थोड्या वेळानं मात्र वर न बघताच बोलली, "मग पँटी परत मला द्या."

सोमवारी मी मास्तरांना स्कूटरवर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. घरच्यांनाही त्यांनी सांगितलेलं नव्हतं. परतताना मागून त्यांनी विचारलं, "मग आता माझं काय?"

"आता दोघं बेतणार," मी म्हणाले. "तुम्ही आणि ती."

एप्रिलमध्ये पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवड्याभरातच ते काळा चष्मा लावून हजर. कात्री हातात घ्यायला डॉक्टरांची आणि माझीही मनाई होती. मग टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि कापडावरून हात फिरवत तिला सांगायचे, "ताणू नको, नुसतं पसरून ठेव. इथं अर्धा इंच सोड." सुरुवातीला ती प्रत्येक रेघ त्यांना विचारून मारायची. मेच्या मध्यापर्यंत तिनं पाचवीच्या सगळ्या पँटी एकटीनं बेतल्या होत्या. ते बघून मास्तर फक्त "हां" म्हणाले. त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ होतं.

त्या जूनमध्ये तीन पँटी परत आल्या. तिन्ही पालकांनी मुलाचं माप चुकीचं सांगितलं होतं.

दुसरा डोळा झाल्यावर मास्तर एका सकाळी आत आले, चष्मा काढला आणि चारी बाजूंना बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, कापडाबद्दल काही बोलतील.

"ताई," ते म्हणाले, "भिंती लई कळकट झाल्यात. रंग द्यायला पायजे."

गणेशोत्सवाच्या आधी आम्ही रंग दिला. कुठला द्यायचा ते त्यांनीच निवडलं.