चेअरमनच्या कपाटातल्या चिठ्ठ्या

मालक नसलेलं इंटरनेट तुम्हाला हवंय. पण तुमची चावी आज कुणाकडे आहे?

भाईंदर पूर्वेतली आमची इमारत पाडायची का, यावर मी ब्लॉकचेनवर, म्हणजे कुणा एकाच्या ताब्यात नसलेल्या ऑनलाइन नोंदवहीवर, मतदान ठेवलं. चेअरमनला ढवळाढवळ करता येऊ नये म्हणून! प्रत्येकाला बारा गुप्त शब्दांची चिठ्ठी दिली. हीच मताची चावी; ती ज्याच्या हाती, मत त्याचं. हरवायला नको म्हणून लोकांनी त्या चेअरमनच्याच कपाटात ठेवल्या.

फक्त तळमजल्यावरच्या, राई गावाहून आलेल्या मावशींनी आपली चिठ्ठी दिली नाही. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. दारात सुकट निवडताना त्या सारख्या कमरेचा बटवा चाचपायच्या.

"मावशी, तुम्ही का नाही दिलीत?"

"घर माझा हाय, त्याला कशाला देऊ?" मान वर न करता त्या म्हणाल्या. "तुझी कुठं हाय रं, शिकलेल्या?"

माझीही कपाटातच होती.

मतदान उद्या आहे. मी चिठ्ठी परत मागायला निघालोय. तुमची चावी कुणाच्या कपाटात असेल, तर आजच मागून आणा.