एकमताने मंजूर

“हे रीळ पाहिलंय. पुढचं दाखवा.”

चेअरमनसाहेबांचं भाषण दुसऱ्या पानावर जायच्या आत मधल्या रांगेतून हे वाक्य यायचं आणि सभेत हशा पिकायचा. पुण्यात आमच्या कंपनीची दोन चित्रपटगृहं होती आणि मी कंपनीचा सेक्रेटरी. वार्षिक सभा आम्ही आमच्याच थिएटरात घ्यायचो. पडद्यापुढे टेबल, टेबलामागे संचालक, समोर शेअरहोल्डर. सभा संपली की बटाटेवडा आणि एका खेळाचा पास. बरेचसे लोक वड्यासाठी यायचे, ते वाक्य टाकणारे हे गृहस्थ प्रश्नांसाठी. असा एक माणूस तुम्हीही कुठल्यातरी सभेत पाहिला असेल आणि शेजाऱ्याकडे बघून हळूच म्हणाला असाल, आले बघा.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते तपासनीस होते. आमचे पन्नास शेअर त्यांच्याकडे होते. सभेच्या अर्धा तास आधी येऊन ते एकेका खुर्चीवर बसून बघायचे.

“सेक्रेटरी, डावीकडच्या तीन खुर्च्या मागे पडतात. तिथे बसणाऱ्याला फक्त छत दिसतं. त्याला अर्धं तिकीट लावा.”

पास मात्र ते घेत नसत. मी हातात कोंबायला गेलो तर म्हणाले, “अहो, मालकच फुकट बसायला लागले तर धंदा बुडेल.” आणि खिडकीसमोरच्या रांगेत जाऊन उभे राहिले. डोअरकीपरनं तिकीट फाडलं, तेव्हा त्याला म्हणाले, “सरळ फाडत जा. कंपनी माझी आहे.”

त्यांचं भांडण एकाच गोष्टीवर असायचं. लाभांश कोणत्या वर्षी द्यायचा आणि कोणत्या वर्षी नाही, याचा आमच्याकडे काही नियमच नव्हता. “जास्त द्या असं मी म्हणत नाही,” ते म्हणायचे. “पिक्चर पडले तर देऊ नका. पण काय करणार ते आधी लिहून ठेवा. धोरण हवं. लहर नको.”

एका वर्षी ते जुने अहवाल पिशवीत भरून घेऊन आले. तोवर घरोघरी केबल पोचली होती, कोथरूडकडे आयटीतली मंडळी फ्लॅट घेत होती, आणि मल्टिप्लेक्स हा शब्द चेअरमनसाहेबांच्या तोंडी नवा नवा बसला होता. यंदाचा सगळा नफा त्यासाठी राखून ठेवायचा, लाभांश नाही, असा ठराव होता.

हे उठले. “साहेब, मी मागचे सगळे अहवाल तपासले. नफ्याचा आणि लाभांशाचा मेळ काही लागेना. मग तुमच्या घरच्या लग्नपत्रिकांशी ताडून पाहिले. बरोब्बर लागला. तुमच्या थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी भरपूर लाभांश. मुलाचं झालं त्या वर्षीही भरपूर. आता धाकटीचं कधी ठरतंय, तेवढं सांगा. म्हणजे आम्हालाही आमचं बघता येईल.”

निम्म्याहून जास्त शेअर चेअरमनसाहेबांच्या घरातच होते, त्यामुळे भरपूर लाभांश कुठे जायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक पोट धरून हसले. एक संचालकही हसले, मग त्यांनी रुमाल काढून खोकल्याचं सोंग केलं. चेअरमनसाहेबांचे कान लाल झाले. धाकटीचं खरोखरच कुठे जमत नव्हतं.

मतदान हात वर करून झालं. वडे निवत होते, त्यामुळे हात भराभर वर गेले. विरोधात कोण, असं विचारल्यावर एकच हात वर झाला.

सभा संपल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. या वेळी चेष्टा नव्हती. “कारखान्यात एकदा मी एक माल नापास केला होता. वरच्यांनी माझा शेरा खोडला आणि माल पास केला. पुढे काही झालं नाही, नशीब. पण माझा शेरा गेला तो गेलाच. इथला तरी राहू द्या. माझा विरोध सभावृत्तात लिहा.”

“लिहितो,” मी म्हणालो.

“मग झालं.”

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “एकमताने लिहा,” एवढंच म्हणाले. माझ्या मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी त्यांनी नुकताच शब्द टाकला होता. मी लिहिलं. ‘ठराव एकमताने मंजूर.’ अक्षर माझं आहे, सुवाच्य आहे आणि खोटं आहे.

सभावृत्ताचं ते पुस्तक बघायचा शेअरहोल्डर म्हणून त्या गृहस्थांना हक्क होता. ज्या माणसानं बसल्याशिवाय खुर्चीवर विश्वास ठेवला नाही, तो माझा शब्द तपासायला कधी आला नाही. पुढच्या सभांत नवख्यांना सांगायचा, “माझा विरोध रेकॉर्डवर आहे. यांनी स्वतः लिहिलाय.” आणि माझ्याकडे बोट दाखवायचा. मी वड्यांची व्यवस्था बघायला बाहेर जायचो.

मग एका वर्षी ते आले नाहीत. चेअरमनसाहेबांचं भाषण शेवटच्या पानापर्यंत विनाअडथळा गेलं, आणि अर्धी सभा झोपली.

काही महिन्यांनी त्या गृहस्थांची मुलगी, वडिलांच्या मागे त्यांचे शेअर नावावर करायला ऑफिसात आली. कागद वडिलांनीच लावून ठेवल्यासारखे नीट लावलेले होते. सह्या झाल्यावर ती जरा घुटमळली.

“काका, बाबा सांगायचे, तुमच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिलंय. त्या पानाची झेरॉक्स मिळेल का? आईला दाखवायची आहे.”

“पुस्तक ऑडिटरकडे गेलंय,” मी म्हणालो.

“असू दे. घाई नाही.” तिनं पर्स उचलली. “तुमच्याबद्दल बाबा नेहमी चांगलं बोलायचे.”

पुस्तक माझ्या कोपराखाली होतं. ती जिना उतरून जाईपर्यंत मी हात हलवला नाही.