‘मला माहीत नाही’ म्हणणारी नसीमा

राहात्याहून नसीमाच्या भावाचा, रशीदभाईंचा फोन आला. “आपा गेली,” एवढंच ते म्हणाले... तिचा आजार मला ठाऊक होता.

नगरच्या आमच्या अतिदक्षता विभागात डॉ. नसीमा आणि मी, दोघेही भूलतज्ज्ञ, अनेक वर्षं एकत्र होतो. मेंदूत रक्तस्राव झालेल्या, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला शांत झोपवून ठेवावं लागतं. नेहमीचं औषध शिरेतून जातं. श्वासातून भुलीचा वायू दिला तर रुग्ण लवकर जागा होतो, पण मेंदूवरचा दाब वाढण्याची धास्ती असते. दोन्हींत बरं कोणतं, हे नसीमाला रीतसर परवानगी घेऊन पडताळायचं होतं. नातेवाईक तयार असले तर चिठ्ठी टाकून औषध ठरायचं. नेवाशाच्या एका बाईंनी तिला विचारलं, “म्याडम, दोन्हीतलं चांगलं कंचं हाय?”

“मला माहीत नाही.”

“तुमालाच ठावं न्हाई, मग आमच्या मालकावर कशाला?”

नसीमानं मान डोलावली आणि नेहमीचं औषध सुरू केलं. मी नंतर चिडलो. जरा सावरून सांगायला काय हरकत होती? “सावरून म्हणजे खोटंच ना?” ती म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या भावालाच, रशीदभाईंनाच, रक्तस्राव झाला. भावजय म्हणाली, “आपा, तुम्हीच ठरवा.” नसीमानं नकार दिला, रुग्ण माझ्याकडे सोपवला आणि बाहेर जाऊन बसली. भावजयीनं होकार दिल्यावर मी चिठ्ठी काढली. वायू निघाला. काही दिवसांनी तो बंद करताच रशीदभाईंनी डोळे उघडले, बहिणीला ओळखलं. नसीमा भिंतीकडे तोंड करून रडली... भावजय म्हणाली, आता सगळ्यांना हेच द्या. “एका रशीदवरून काही ठरत नाही, भाभी.” त्याच आठवड्यात दुसऱ्या एका रुग्णाच्या मेंदूवरचा दाब वाढला आणि वायू थांबवावा लागला. तेही तिनं त्याच आवाजात सगळ्यांना सांगितलं. आमच्या मोजक्या रुग्णांवरून ठाम उत्तर निघालं नाही, आणि तिनं तसंच जाहीर केलं.

औषध कोणतंही असो, ते थांबवताना ती रुग्णाच्या कानाशी वाकून त्याचं नाव घ्यायची, तो कुठे आहे ते सांगायची, बाहेर कोण बसलंय ते सांगायची. परवा राजूरच्या एका आजोबांचं औषध थांबवलं आणि मी वाकलो. “बाबा, तुम्ही नगरला दवाखान्यात आहात. लेक बाहेर आहे.” ते जागे झाले नाहीत. ती करायची तसंच, जरा थांबून, मी पुन्हा सांगितलं...